धावणाऱ्या पायांचे मोल

सुलतानपूरहून मेहकरकडे किंवा लोणारकडे जाणाऱ्या सडकेवर पहाटे पाचच्या सुमारास कोणी उभे राहिले, तर त्याला एक दृश्य हमखास पाहावयास मिळेल. अजून तांबडे फुटलेले नसते, दूधवाल्यांच्या गाड्यांची नुकती ये-जा सुरू झालेली असते, आणि कडेच्या मातीवरून चार-सहा पोरे ओळीने पळत असतात. कुणाच्या पायात शंभर ठिकाणी शिवलेले बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. अलीकडे त्यांत मुलीही असतात. कशासाठी पळता, असे विचारले तर उत्तर एकच : भरतीसाठी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; सैन्याच्या भरतीला १.६ किलोमीटर. तेवढेच अंतर मनात धरून ही पोरे वर्ष-दोन वर्षे पळत असतात.

'भरती' हा शब्द आपल्याकडे असा नोकरीशी जोडला गेला आहे. परंतु जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, पळणाऱ्या पोरांची आणखी एका प्रकारची भरती होते. ती पलटणीत किंवा पोलिसात होत नाही, कॉलेजात होते. तेथील विद्यापीठांचे शिक्षक दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात, किंबहुना दुसऱ्या खंडात जाऊन पळणारी मुले हुडकून आणतात आणि त्यांना फुकट शिकवतात. या भरतीची रीत कशी आहे, तिच्याविषयी तेथील लोकांची तक्रार काय आहे, आणि आपल्या सडकेवरच्या पोरांना तिच्यापासून काय शिकता येईल, एवढ्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम रीत समजून घेऊ. आपल्याकडे कॉलेज म्हणजे अभ्यासाची जागा. खेळ हा अभ्यासातून उरलेल्या वेळाचा. ज्याला खेळातच पुढे जायचे, तो तालीम धरतो, क्लब धरतो, नाहीतर सरळ नोकरी धरतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे मोठ्या खेळाडूचा मार्गच मुळी कॉलेजातून जातो. १९०६ साली तेथील कॉलेजांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. १९१० पासून ती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना या नावाने चालते, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एनसीएए' म्हणतात. कोणी खेळावे, किती वर्षे खेळावे, कॉलेजाने खेळाडूला काय द्यावे, हे सारे नियम ती करते. परंपरेने खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येते, आणि त्या बदल्यात कॉलेज त्याची फी, राहणे, जेवण व पुस्तके यांचा खर्च पूर्ण किंवा अंशतः सोसते. यालाच क्रीडा शिष्यवृत्ती म्हणतात.

आता या शिष्यवृत्त्यांचे गणित पाहा. कित्येक वर्षे नियम असा होता की, वरच्या श्रेणीतल्या एका कॉलेजाला पुरुषांच्या सर्व मैदानी खेळांसाठी मिळून फक्त १२.६ शिष्यवृत्त्या देता येत. महिलांसाठी हा आकडा १८ होता. १२.६ म्हणजे बारा माणसे आणि एकाचा पाय, असे नव्हे. एक शिष्यवृत्ती दोघा-तिघांत वाटून देता येत असे. पण त्यातच वेगाने पळणारे, लांब पळणारे, उड्या मारणारे आणि गोळा-भाला फेकणारे, सर्वांना बसवायचे. मग शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो, की थोड्या पैशांत जास्त गुण कोण मिळवून देईल? त्याचे उत्तर बहुधा 'लांब पल्ल्याचा धावपटू' असे येते, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे.

अमेरिकन कॉलेजात वर्षाचे तीन हंगाम असतात. शरद ऋतूत रानावनातून पळण्याची शर्यत, म्हणजे क्रॉस कंट्री. हिवाळ्यात छपराखालच्या मैदानावरच्या शर्यती. वसंतात उघड्या मैदानावरच्या. लांब पळणारा मुलगा या तिन्ही हंगामांत उपयोगी पडतो. मैदानावरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ८, असे आठव्यापर्यंत गुण असतात; तेथे एकच दमदार मुलगा ५,००० आणि १०,००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकून एकटा २० गुण आणू शकतो. क्रॉस कंट्रीची मांडणी तर याहून सोयीची आहे. आपल्या कबड्डीप्रमाणे तेथेही संघात सात गडी असतात. पण हिशेबात पहिले पाचच धरतात. त्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकावले तर एक, दोन, तीन, चार, पाच मिळून १५. याहून चांगले काही असू शकत नाही. थोडक्यात, देशातली पाच उत्तम माणसे गोळा केली की राष्ट्रीय विजेतेपद घरात आले. आणि पाच माणसे शोधायला विमानाचे तिकीट पुरते.

पहिली शोधाशोध शेजारच्या राज्यांत होते. अमेरिकेत ५० राज्ये आहेत आणि बहुतेकांची स्वतःची सरकारी विद्यापीठे आहेत. ती काही अंशी राज्याच्या करातून चालतात, म्हणून राज्यातल्या रहिवाशाला फी कमी आणि परराज्यातल्याला पुष्कळच जास्त असते. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशात ८५ टक्के जागा राज्यातल्यांना आणि १५ टक्के अखिल भारतीय, असा जो वाद दरवर्षी रंगतो, त्याच जातीचा हा प्रश्न. परराज्यातला धावपटू आणणे विद्यापीठाला महाग पडते. तरीही विजयाच्या लोभाने तो आणतात. एकदा राज्याची वेस ओलांडली, की देशाची वेस ओलांडायला वेळ लागत नाही.

परदेशी मुलांची ही वाट प्रथम आयर्लंडमधल्या पोरांनी पाडली. फिलाडेल्फिया शहराजवळ व्हिलानोव्हा नावाचे एक कॅथलिक विद्यापीठ आहे. तेथील शिक्षक जंबो एलियट यांनी आयरिश मुले आणण्याचा परिपाठ ठेवला. त्यांच्यापैकी रॉन डेलनी या मुलाने विद्यार्थी असतानाच १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. मग इतरांचेही डोळे उघडले. मेक्सिकोच्या सीमेवर एल पासो येथे टेक्सास विद्यापीठाची एक शाखा आहे. वाळवंटातले हे साधे कॉलेज. परंतु १९७५ पासून १९८१ पर्यंतच्या सात वर्षांत त्याने सहा वेळा राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकली, आणि तीही मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या मुलांच्या बळावर. १९८१ साली त्यांची बेरीज अवघी १७ भरली. म्हणजे पूर्णत्वाला फक्त दोन कमी.

याच काळात उत्तरेकडे वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठात जॉन चॅपलिन नावाचे शिक्षक केनियातून मुले आणीत होते. त्यांच्यात हेन्री रोनो नावाचा एक मुलगा होता. त्याने १९७८ साली ८ एप्रिल ते २७ जून या ८१ दिवसांत ५,००० मीटर, ३,००० मीटर अडथळा, १०,००० मीटर आणि ३,००० मीटर या चार शर्यतींचे जागतिक विक्रम मोडले. एका विद्यार्थ्याने एका वसंतात असे काही करावे, हे तोवर कोणी स्वप्नातही आणले नव्हते.

साहजिकच तक्रार उठली. आमच्या करावर चालणाऱ्या विद्यापीठात आमच्या मुलांच्या जागा परक्यांनी का घ्याव्यात? आमचा मुलगा अठरा वर्षांचा, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला परदेशी पंचवीस वर्षांचा, ही कसली बरोबरी? या तक्रारीतला दुसरा भाग अगदीच खोटा नव्हता. काही परदेशी खेळाडू वयाने खरोखरच मोठे असत. संघटनेने एकदा केवळ परदेशी विद्यार्थ्यांपुरता एक नियम करून पाहिला. बाहेरच्या देशात खेळलेली वर्षे त्यांच्या खात्यातून वजा करायची, असा त्याचा आशय होता. हॉवर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर त्याखाली कारवाई झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९७५ साली न्यायालयाने सांगितले, की केवळ परदेशी म्हणून एकाला एक न्याय आणि देशी म्हणून दुसऱ्याला दुसरा न्याय, हे समतेच्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा पुढे वयाचा नियम करावयाचा तो देशी-परदेशी सर्वांनाच लागू करावा लागला. आम्हास हा निकाल फार बोलका वाटतो. वय हा खेळातला न्याय्य भेद आहे. जन्मभूमी हा नाही.

तक्रार मात्र थांबली नाही, आणि ती थांबेल असेही नाही. ओरेगन विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. कूस बे या त्याच राज्यातल्या गावचा स्टीव्ह प्रीफाँटेन हा तेथला लाडका धावपटू. १९७०, १९७१ आणि १९७३ साली त्याने राष्ट्रीय क्रॉस कंट्री जिंकली. १९७५ साली मोटारीच्या अपघातात तो गेला, तरी आजही त्या गावात त्याचे नाव देवासारखे घेतात. त्याच विद्यापीठात चाळीस वर्षांनी एडवर्ड चेसेरेक हा केनियाचा मुलगा आला, त्याने २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे तीच शर्यत जिंकली, आणि सर्व मिळून १७ राष्ट्रीय विजेतेपदे त्या विद्यापीठाला मिळवून दिली. गावाने दोघांनाही टाळ्या वाजवल्या. उलट २०२४ साली युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने प्रामुख्याने अमेरिकन मुलामुलींचे संघ उतरवून पुरुष आणि महिला ही दोन्ही विजेतेपदे एकाच दिवशी घेतली. म्हणजे परकी माणसे आणल्यावाचून जिंकताच येत नाही, हेही खरे नाही. घरचे पीक नीट जोपासले तर तेही भरघोस येते. फक्त त्याला वर्षे लागतात, आणि बाजारातून आणलेले धान्य त्याच दिवशी शिजते.

हे सारे आता पुन्हा बदलत आहे. २०२१ पासून तेथील खेळाडूंना आपले नाव आणि छबी यांवर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. पण परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मिळालेल्या परवान्यावर असा धंदा करणे बहुतेक अशक्यच असते. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीने शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली, आणि संघात किती माणसे ठेवावीत याची मर्यादा आली : क्रॉस कंट्रीला १७. विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही मुभा मिळाली. तो पैसा साहजिकच गर्दी खेचणाऱ्या खेळांकडे धावतो. लांब पळणाऱ्यांच्या वाट्याला किती येईल, हे त्या-त्या विद्यापीठाच्या मर्जीवर राहिले.

येथवर आपण संस्थेच्या बाजूने पाहिले. आता नेल्या जाणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहू. कारण खरा प्रश्न तेथे आहे. केनियातले दोन मुलगे घ्या. एक वर सांगितलेला हेन्री रोनो. १९७६ आणि १९८० या दोन्ही ऑलिंपिकांवर त्याच्या देशाने बहिष्कार घातला, त्यामुळे जगातला सर्वांत वेगवान लांब पल्ल्याचा धावपटू ऑलिंपिकमध्ये एकदाही पळाला नाही. विक्रमांचे वर्ष सरले, दारू जवळ आली, पैसा गेला, आणि या माणसाला अमेरिकेत मोटारी धुण्यापासून विमानतळावर सामान उचलण्यापर्यंतची कामे करून दिवस काढावे लागले. पुढे तो सावरला, मुलांना पळायला शिकवू लागला, आपली जीवनकथाही त्याने लिहिली; २०२४ च्या फेब्रुवारीत तो केनियात वारला. दुसरा माइक बॉइट. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे कांस्यपदक मिळवणारा. तोही अमेरिकेत गेला, तोही १९७६ च्या बहिष्कारात सापडला. पण त्याने पायांबरोबर पुस्तकही धरून ठेवले. डॉक्टरेट घेतली, मायदेशी परतला, देशाचा क्रीडा आयुक्त झाला आणि केन्याटा विद्यापीठात प्राध्यापक म्हणून काम केले. दोघांच्या पायांत बळ होते, दोघांना दार उघडले गेले. फरक एवढाच, की एकाच्या पायांचे मोल पळून संपले. दुसऱ्याने ते पळता पळताच विद्येत बदलून घेतले. आम्ही रोनोला दोष देत नाही. ज्या संस्थेने त्याच्याकडून चार विक्रम घेतले, तिने त्याच्या हाती काय ठेवले, हा प्रश्न त्याच्यापेक्षा संस्थेला विचारण्याचा आहे.

आता घराकडे वळू. पळणाऱ्याला हेरून नेण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पहिल्या महायुद्धानंतर शर्यती झाल्या, तेव्हा सर दोराबजी टाटांनी खेड्यातली शेतकरी मुले अनवाणी पळताना पाहिली, आणि त्यांच्या वेळा त्यांना युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास वाटल्या. त्यांनीच पुढाकार घेऊन १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ धाडला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार असे दोघे मॅरेथॉन पळणारे होते. चौगुले २ तास ५० मिनिटांत धावून १९ वे आले. देशाच्या त्या पहिल्या संघात लांब पळणारे आपल्या मुलखातले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. तसेच खाशाबा जाधवांचे. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्यामागे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कॉलेजने खेळाडूच्या पाठीशी उभे राहावे, ही कल्पना अमेरिकेकडून आयात करण्याचे कारण नाही. ती कोल्हापुरात होती. फक्त ती एका प्राचार्यांच्या घरापुरती राहिली, तिची पद्धत झाली नाही.

पद्धत झाली ती नोकरीची. आपल्याकडे पळणाऱ्याचा धनी म्हणजे सैन्य, रेल्वे, पोलीस आणि तेल कंपन्यांसारखे सरकारी उद्योग. गेल्या वीस वर्षांतले महाराष्ट्राचे मोठे लांब पल्ल्याचे धावपटू पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने मिळवले. नोकरी तेल व नैसर्गिक वायू महामंडळात. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर रेल्वेत होती. २०१६ साली रिओ येथे ती ३,००० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचेनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि मग पलटणीच्या क्रॉस कंट्रीत अमरीश कुमार या प्रशिक्षकाच्या नजरेस पडला. २०१८ साली त्याने ३,००० मीटर अडथळ्याचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, जेथे १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत असे, तेथे तो अवघ्या पाच शतांश सेकंदांनी दुसरा आला; २०२३ साली हांगझूला आशियाई सुवर्ण, आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत अकरावा.

यात एक गंमत आहे. साबळेही अखेर अमेरिकेला गेला, पण कॉलेजात नव्हे. सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या कोलोरॅडो स्प्रिंग्स येथे तो सरावासाठी राहिला. विरळ हवेत राहिल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू स्नायूंना अधिक पोचतो, हे त्यामागचे शास्त्र. वीटभट्टीवरून निघालेल्या मुलाला ही वाट सापडली, पण पलटणीच्या मार्गाने आणि विशी उलटल्यावर. कॉलेजच्या मार्गाने गेलेले भारतीय थोडेच. मोहिंदरसिंग गिल याने १९७० व १९७१ साली तिहेरी उडीत, तर दिल्लीच्या तेजस्विन शंकरने २०१८ व २०२२ साली उंच उडीत अमेरिकन कॉलेजांचे विजेतेपद मिळवले. हरियाणाचा परवेझ खान १५०० मीटर धावत फ्लोरिडा विद्यापीठात गेला.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेत पायांचे मोल पदवीत मिळते, आपल्याकडे पगारात. अमेरिकेत तक्रार अशी, की बाहेरचे येऊन आमच्या जागा घेतात. आपल्याकडे कुरकुर अशी, की आमची मुले दुसरे नेतात. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेनादलाचा संघ राज्यांच्या बरोबरीने उतरतो. २०२३ साली गोव्यात महाराष्ट्र पहिला आला. २०२५ साली उत्तराखंडात सेनादल पहिले आणि महाराष्ट्र दुसरा. एकूण पदके आपली अधिक, २०१. पण सुवर्णपदके सेनादलाची जास्त. त्या सेनादलाच्या पदकांत आपल्या खेड्यांतल्या पोरांचाही घाम असतो. म्हणून कोणी सैन्यावर रागावावे काय? आम्हास तसे वाटत नाही. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण खरी. पण ज्याने पिकाला पाणी दिले नाही, त्याने विक्रीबद्दल तक्रार करू नये. लहान मुलांना आठव्या वर्षापासून घेऊन शिकवणाऱ्या क्रीडा कंपन्या सैन्याने काढल्या, पुण्याला २००१ साली क्रीडा संस्था उभी केली. गावाने, शाळेने आणि कॉलेजने त्या वेळी काय केले?

पगाराची पद्धत वाईट नाही. वीटभट्टीवरच्या घराला पदवीआधी पगार लागतो, हे न कळणारा माणूस शहाणा नव्हे. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की ती १६०० मीटरपाशी थांबते. जो मुलगा १०,००० मीटरचा विक्रम करू शकला असता, तो नोकरी लागताच बूट खुंटीला टांगतो. दुसरी अशी, की मुदत सरल्यावर हातात काय राहते, याचा विचार ती करीत नाही. २०२२ पासून सैन्यात अग्निवीर म्हणून चार वर्षांची नेमणूक होते, आणि त्यातले फार तर पाव भाग पुढे कायम होतात. उरलेल्यांनी पंचविशीच्या आत घरी परत यायचे. ज्याने बारावी अर्धवट टाकून केवळ पाय तयार केले, तो रोनोच्या वाटेने जाण्याचा धोका आहे. ज्याने पलटणीत असतानाही पुस्तक सोडले नाही, तो बॉइटच्या वाटेने जाऊ शकतो.

तेव्हा सुलतानपूरसारख्या गावाने काय करावे? मैदानासाठी कोट्यवधी रुपयांची वाट पाहण्याची गरज नाही. येथून बारा-पंधरा किलोमीटरवर लोणारचे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठाकाठाने एक फेरी साडेपाच-सहा किलोमीटरची, चढउतारासकट. अमेरिकन कॉलेजांची मुले राष्ट्रीय स्पर्धेत १० किलोमीटर पळतात ती अशाच उंचसखल जमिनीवर. अशी वाट कोणत्याही विद्यापीठाने हेवा करावा अशी आहे. उणीव आहे ती घड्याळ हातात धरणाऱ्या शिक्षकाची, आणि मुलाच्या वेळा वर्षानुवर्षे वहीत लिहून ठेवणाऱ्या शाळेची. जो बाहेरून नेणारा येईल, तो सैन्याचा असो, रेल्वेचा असो वा परदेशी विद्यापीठाचा असो, तो प्रथम ती वहीच मागेल.

आणि नेणारा आला, तर आईबापांनी चार प्रश्न विचारल्याशिवाय पोर हवाली करू नये. जे देऊ म्हणतो ते कागदावर आहे काय? पाय मोडला तर शिक्षण आणि जेवण चालू राहील काय? पळणे संपल्यावर हातात कोणती पदवी वा कोणते कौशल्य राहील? आणि परत यावेसे वाटले तर परतीची वाट मोकळी आहे काय? परदेशी शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधीच हजारो रुपये मागणारा दलाल भेटला, तर पाचवा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. त्याला दारातूनच परत पाठवावे. खरी शिष्यवृत्ती विद्यापीठ देते, आणि त्यासाठी पायांच्या वेळेइतकेच बारावीचे गुण आणि इंग्रजीही पाहते. म्हणजे तेथेही दार उघडण्याची अर्धी किल्ली वर्गातच आहे.

अमेरिकन लोक आपल्या भरतीविषयी भांडतात, हे आम्हास चांगले लक्षण वाटते. कोणाची जागा, कोणाचा पैसा, कोणाचा न्याय, असे उघड विचारले जाते आणि प्रसंगी न्यायालयातून उत्तर घेतले जाते. आपल्या सडकेवरची पोरे मात्र मुकाट पळतात. त्यांच्यातला कोण गेला, कोठे गेला आणि दहा वर्षांनी काय झाला, हे कोणी विचारत नाही. उद्या पहाटे ती पुन्हा पळतील. आपल्यापैकी कोणी एखाद्या दिवशी लवकर उठून, त्यांच्यातल्या सर्वांत मागे राहिलेल्याला थांबवून, 'बाळ, कितवीत आहेस? अभ्यास चालू आहे ना?' एवढे जरी विचारले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.